कोल्हापूर ते नागपूर विमानाने: किलोमीटर किती आणि मिनिटं किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरहून नागपूरला विमानाने जायचंय. एका साइटवर अंतर ७०२ किलोमीटर आणि वेळ ५३ मिनिटं दिसली. दुसऱ्या साइटवर त्याच ७०२ किलोमीटरला १ तास २३ मिनिटं. ओळखीच्या एकांनी मात्र "पावणेदोन तास धरा" असं सांगितलं. विमान पोचायच्या वेळेनंतर दोन तासांनी नागपूरहून तुमची पुढची रेल्वे आहे, तेव्हा यातला कोणता आकडा खरा मानायचा?

हे तिन्ही आकडे आपापल्या हिशेबाने चुकीचे नाहीत, पण तुमच्या रेल्वेचं उत्तर यातल्या एकाही आकड्यात नाही. मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान निघण्याआधी त्याचा मार्ग, उंची, इंधन आणि लागणारी मिनिटं काढणं हे माझं रोजचं काम. या कामात किलोमीटरला वेगाने भागून कोणी वेळ काढत नाही. लांबच्या उड्डाणांना तो हिशेब थोडाफार चालून जातो. दोन छोट्या शहरांमधल्या पल्ल्याला तो हमखास फसतो, कारण इथे वेळेचा मोठा हिस्सा दोन्ही टोकांना जातो आणि त्याचा अंतराशी फारसा संबंध नसतो.

आधी अंतर बघू, ते सोपं आहे आणि तुम्हाला कागदावर पडताळून पाहता येईल. कोल्हापूरचा विमानतळ साधारण १६.६६ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२९ अंश पूर्व रेखांशावर आहे, नागपूरचा २१.०९ अंश उत्तर आणि ७९.०५ अंश पूर्वेला. अक्षांशातला फरक ४.४३ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे उत्तरेकडे ४९१ किलोमीटर. रेखांशातला फरक ४.७६ अंश. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा भरतो, म्हणजे पूर्वेकडे ५०० किलोमीटर. या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण मांडून कर्ण काढला की ७०१ येतात. पृथ्वी गोल धरून रीतसर सूत्राने काढलं तर ७०२. एवढ्या पल्ल्यावर गोलाईमुळे पडणारा फरक जेमतेम एखाद्या किलोमीटरचा. आम्ही हेच अंतर नॉटिकल मैलांत मोजतो. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्या हिशेबाने ३७९ नॉटिकल मैल.

ही सरळ रेघ नकाशावर ओढून बघा. ती कोल्हापूरहून जवळजवळ नेमकी ईशान्येला जाते. पंढरपूरच्या अगदी जवळून निघते, परभणी आणि नांदेड यांच्या मधून पुढे सरकते आणि यवतमाळ, वर्ध्याला जवळजवळ स्पर्श करत नागपूरला पोचते. राज्याचा असा तिरपा छेद घेणारी थेट रेल्वे रोज नाही. महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, मनमाड, भुसावळ असा मोठा वळसा घेऊन जाते. म्हणूनच या पल्ल्याला विमानाचं महत्त्व आहे, आणि म्हणूनच तुमच्यासारखी माणसं विमानाला पुढची गाडी जोडायला बघतात. तुमचा प्रश्न मला त्यामुळेच महत्त्वाचा वाटला.

पण विमान ही रेघ धरून जात नाही. निघताना धावपट्टीच्या दिशेने वर जावं लागतं, मग ठरलेल्या हवाई मार्गाला लागायचं, आणि शेवटी उतरण्याच्या धावपट्टीसमोर येण्यासाठी वळायचं. धावपट्टीवर रंगवलेले आकडे म्हणजे तिची दिशा, दहाने भागलेल्या अंशांत. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५ आहे. वारा पूर्वेचा असेल तर विमान ०७ वरून उडतं, तोंड साधारण ७० अंशांकडे, म्हणजे नागपूरच्या वाटेपासून थोडंच बाजूला. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असला की २५ वरून उडावं लागतं. मग तोंड थेट उलट दिशेला. आधी वर चढायचं, मग मोठं वळण घेऊन मागे फिरायचं, आणि नागपूरकडची वाटचाल त्यानंतर सुरू होते. यात काही मिनिटं जातात.

नागपूरची धावपट्टी १४/३२, म्हणजे वायव्य-आग्नेय. तुम्ही येणार नैऋत्येकडून. त्यामुळे कोणत्याही बाजूने उतरायचं ठरलं तरी सरळ आत शिरता येत नाही. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी जवळजवळ काटकोनात वळावंच लागतं. वाहतूक कमी असेल तर एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष, हे वळण छोटं करून देतं. पुढे दोन-तीन विमानं असतील तर तेच वळण लांबतं. नियोजन करताना सरळ रेघेपेक्षा चार-पाच टक्के जास्त मार्ग धरणं या पल्ल्याला वाजवी आहे. पुढच्या हिशेबासाठी आपण ४०० नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे ७४० किलोमीटर धरू. रोजचा प्रत्यक्ष मार्ग यापेक्षा थोडा कमी-जास्त होतो.

आता त्या दोन साइटचे आकडे. ७०२ ला ताशी ८०० किलोमीटरने भागा, ५३ मिनिटं येतात. त्यात उड्डाण आणि उतरणं यांसाठी सरसकट अर्धा तास मिळवा, १ तास २३ मिनिटं येतात. बहुतेक साइट इतकंच करतात. त्यांना विमान कोणतं आहे हे माहीत नसतं, वारा माहीत नसतो, धावपट्टीची दिशाही माहीत नसते. ताशी ८०० किलोमीटर हा जेट विमानाचा वरच्या उंचीवरचा वेग आहे. विमान प्रादेशिक असेल तर तो वेग लागू पडेलच असं नाही.

म्हणून तिकीट काढताना पहिली गोष्ट बघा ती विमानाचा प्रकार. बुकिंगच्या पानावर तो छोट्या अक्षरांत दिलेला असतो. आपल्याकडे छोट्या शहरांना जोडणारी विमानं मुख्यतः दोन जातींची. पहिलं म्हणजे पंख्याचं टर्बोप्रॉप, एटीआर ७२. दुसरं छोटं जेट, उदाहरणार्थ एम्ब्राएर १७५. एटीआर वरच्या उंचीवर सुमारे २७५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल), म्हणजे ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास जातं आणि २५,००० फुटांच्या वर जात नाही. एम्ब्राएर ३०,००० फुटांच्या वर जाऊन ४४० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी ८०० किलोमीटरपेक्षा थोडं जास्त पळतं. वेगात एवढा फरक असेल तर वेळेतही तेवढाच पडेल असं कोणालाही वाटेल. तसा तो पडत नाही, आणि त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

जेटला ३५,००० फुटांवर चढायला साधारण २० मिनिटं लागतात, आणि तोवर सव्वाशेच्या आसपास नॉटिकल मैल संपलेले असतात. उतरण्याचा आमचा ढोबळ नियम असा की दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. म्हणजे ३५,००० फुटांवरून खाली यायला सुमारे १०५ ते ११० मैल. ४०० मधून हे दोन्ही वजा करा. पूर्ण वेगाने सपाट उड्डाण करायला उरतात जेमतेम १७० मैल, म्हणजे निम्म्याहून कमी वाट. त्यात १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटची वेगमर्यादा असते. एटीआरची स्वतःची कमाल दर्शक गती, म्हणजे वैमानिकासमोरच्या मापकावर दिसणारा वेग, तेवढीच आहे, त्यामुळे तिला या मर्यादेचा त्रास नाही. जेटला मात्र खालच्या थरात हात आखडता घ्यावाच लागतो. जेट खरोखर जेटसारखं पळतं ते फक्त मधल्या टप्प्यात, आणि या पल्ल्यात तो टप्पा सुमारे २३ मिनिटांचा आहे.

सगळं जोडलं तर जेटला चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत साधारण ६५ ते ७० मिनिटं. एटीआरला चढायला २० मिनिटं, मधला २७५ मैलांचा टप्पा एक तासाचा, उतरायला १५ मिनिटं आणि वळणाची चार-पाच, म्हणजे १ तास ४० मिनिटांच्या आसपास. कागदावर वेगाचं प्रमाण १.६ पट, प्रत्यक्ष फरक अर्ध्या तासाचा. हे सगळं वारा शून्य धरून.

वाऱ्याकडे मी थोडं जास्त लक्ष वेधतो, कारण प्रवाशांच्या हिशेबात तो नसतोच आणि आमच्या हिशेबाचा तो गाभा असतो. विमान हवेत उडतं आणि ती हवा स्वतः जमिनीवरून सरकत असते. विमानाचा हवेतला वेग ठरलेला असला तरी जमिनीवरचा वेग वाऱ्याप्रमाणे बदलतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेच्या वाऱ्यांचा जोरदार प्रवाह असतो आणि त्याची दक्षिणेकडची कड आपल्यापर्यंत जाणवते. समजा एटीआरच्या उंचीवर पश्चिमेकडून ४० नॉटचा वारा आहे. तुम्ही ईशान्येला निघालात, म्हणजे वारा तिरका पाठीमागून. त्यातला पाठीचा हिस्सा सुमारे २८ नॉट. २७५ चे ३०३ होतात. ४०० मैलांचा संपूर्ण मार्ग या एकाच वेगाने धरला तर ७९ मिनिटं लागतात. परतीला तेच २८ नॉट समोरून, वेग २४७, वेळ ९७ मिनिटं. विमान तेच, मार्ग तोच, दिवसही तोच, तरी जाण्या-येण्यात १८ मिनिटांचा फरक. त्याच वाऱ्यात ४४० नॉटच्या जेटला ५१ आणि ५८ मिनिटं लागतील, म्हणजे फरक सातच मिनिटांचा. हळू विमानाला वारा जास्त छळतो, कारण ते त्याच्या तावडीत जास्त वेळ असतं. इथे मी मुद्दाम चढ-उतार धरले नाहीत, वाऱ्याचा परिणाम सुटा दिसावा म्हणून.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. वारा नसता तर ४०० मैलांना जाताना ८७ आणि येताना ८७, एकूण १७४ मिनिटं. वारा असताना ७९ आणि ९७, एकूण १७६. जाताना मिळवलेलं येताना पुरतं फिटत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. इंधन भरताना आम्ही याकडे बारकाईने बघतो. आमच्या कागदावर जमिनीवरच्या अंतराशेजारी हवेतल्या अंतराचाही रकाना असतो. वरच्या उदाहरणात जाताना विमान हवेतून ३६३ मैलच कापतं, सरळ रेघेपेक्षाही कमी. येताना ४४५. इंधन जळतं ते या दुसऱ्या रकान्याच्या हिशेबाने.

पावसाळ्यात चित्र बदलतं. खालच्या थरात पश्चिमेचा आणि नैऋत्येचा जोर असतो, पण वर जावं तसा तो ओसरतो आणि जेटच्या उंचीवर दक्षिण भारतावर पूर्वेचे वारे वाहतात. त्यामुळे जेटला नागपूरकडे जाताना तोच वारा समोरून मिळू शकतो, आणि एटीआर मधल्या थरात असल्याने तिला कधी हा तर कधी तो. म्हणून "जाताना नेहमी कमी वेळ लागतो" असं कोणी सांगितलं तर महिना कोणता ते विचारा. उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. नागपूरला दुपारी पारा ४५ अंशांकडे गेला की हवा विरळ होते, उड्डाणाला जास्त धाव लागते आणि चढण मंदावते. त्यात मिनिटं थोडीच जातात, पण कधी कधी वजनावर मर्यादा येते आणि ती सांभाळताना निघायलाच उशीर होतो.

इथपर्यंतचं सगळं हवेतलं झालं. तिकिटावरची वेळ मात्र जमिनीवर सुरू होते आणि जमिनीवरच संपते. सुटण्याची वेळ म्हणजे चाकांखालचे चॉक (अडवून धरणारे ठोकळे) काढून विमान जागेवरून हलण्याची वेळ. पोचण्याची वेळ म्हणजे विमान जागेवर थांबून चॉक पुन्हा लागण्याची वेळ. या दोन्हींमधल्या काळाला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. त्यात इंजिन सुरू करणं, धावपट्टीपर्यंत जाणं, परवानगीची वाट बघणं आणि उतरल्यावर स्टँडपर्यंत, म्हणजे विमान उभं करण्याच्या जागेपर्यंत, येणं हे सगळं धरलेलं असतं. अनेक छोट्या विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाने जमिनीवर चालत जाण्याचा रस्ता, नसतो. तिथे विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत चालत जातं, तिथे गर्रकन वळतं आणि मग उडतं. तेवढा वेळ दुसरं कुठलंही विमान उतरू शकत नाही. एखादं विमान उतरण्याच्या बेतात असेल तर तुम्हाला स्टँडवरच थांबवून ठेवतात.

वर काढलेल्या वेळांत जमिनीवरची अशी १२ ते १५ मिनिटं मिळवा. जेटला १ तास २० मिनिटांच्या आसपास, एटीआरला १ तास ५० च्या आसपास. तुमच्या ओळखीच्यांचे पावणेदोन तास बहुधा पंख्याच्या विमानाचे असावेत. दुसऱ्या साइटचे १ तास २३ मिनिटं जेटच्या हिशेबाला योगायोगाने जुळतात, कारण तिने सरसकट मिळवलेला अर्धा तास जेटच्या बाबतीत जवळपास बरोबर ठरतो. पहिल्या साइटची ५३ मिनिटं मात्र कुठल्याच विमानाची नाहीत. ते फक्त भागाकाराचं उत्तर आहे.

यावर कंपन्या स्वतःची थोडी गादी, म्हणजे जास्तीची मिनिटं, घालतात. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. एकच छापील वेळ पाच ते सात महिने रोज वापरायची असल्याने ती सरासरी दिवसापेक्षा थोडी सैल ठेवतात. शिवाय वेळेवर पोचल्याची गणना करताना १५ मिनिटांपर्यंतचा उशीर उशीर धरला जात नाही. म्हणून तुम्ही कधी दहा मिनिटं उशिरा निघूनही वेळेत पोचता. वैमानिकाने वेग वाढवला असेल असं प्रवाशांना वाटतं. एवढ्या छोट्या पल्ल्यावर वेग वाढवून मिळतात एक-दोन मिनिटं, बाकीची या गादीतूनच येतात.

विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर तुम्हाला चौथाच आकडा दिसेल आणि गोंधळ वाढेल. तिथे बहुतेकदा चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ असतो, त्यामुळे तो तिकिटावरच्या वेळेपेक्षा नेहमी कमी दिसतो. तरीही ती साइट तुमच्या फार कामाची आहे. तुमच्या फ्लाइट क्रमांकाची मागच्या दोन आठवड्यांची नोंद काढा आणि प्रत्यक्ष पोचण्याची वेळ छापील वेळेच्या किती मागे-पुढे आहे ते बघा. अंतराच्या कोणत्याही हिशेबापेक्षा ही नोंद तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळ जाते. आपल्या देशात सगळीकडे एकच प्रमाणवेळ असल्याने दोन वेळांची सरळ वजाबाकी करता येते. फक्त ती साइट जागतिक वेळ दाखवत असेल तर साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

थेट विमान त्या दिवशी नसेल, आणि प्रादेशिक मार्गांवर असं होतं, कारण सेवा हंगामाप्रमाणे आणि आठवड्याच्या वारांप्रमाणे बदलतात, तर मुंबई किंवा हैदराबादमार्गे जावं लागेल. सरळ अंतरं बघा. कोल्हापूर-हैदराबाद सुमारे ४४५ किलोमीटर आणि हैदराबाद-नागपूर ४३२, एकूण ८७७. मुंबईमार्गे ३०८ अधिक ६८३, म्हणजे ९९१. हैदराबादच्या वाटेने अंतर पाव हिश्शाने वाढतं, पण वेळ सहज दुप्पट-तिप्पट होतो. चढणं, उतरणं, जमिनीवर विमानाचं चालणं हे सगळं दोनदा होतं आणि मध्ये दुसऱ्या विमानाची वाट बघावी लागते. किलोमीटर बघून निर्णय घेऊ नये म्हणतो ते यासाठी. अशा वेळी दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते.

ओघाने आलंच आहे म्हणून सांगतो. नागपूरहून मुंबई ६८३, दिल्ली साधारण ८५०, चेन्नई ९०० च्या थोडं वर आणि कोलकाता हजाराच्या आत. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा चारही शहरांच्या असं मधोमध असल्यानेच नागपूर निवडलं गेलं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून संध्याकाळनंतर निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. चारही बाजूंची मिनिटं जुळवून केलेलं ते वेळापत्रक होतं. त्या काळच्या संथ विमानांनी आणि रात्रीच्या अंधारात ते पाळणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

आता तुमची रेल्वे. पोचण्याची छापील वेळ म्हणजे चॉक लागण्याची वेळ, हे लक्षात ठेवून पुढे मोजा. दार उघडून बाहेर यायला दहा मिनिटं. एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात-उतरतात, त्यामुळे मागच्या रांगांमधली जागा घेतलीत तर लवकर सुटका होते. जेटमध्ये पुढची जागा घ्या. बॅग चेक-इन केलेली असेल तर पट्ट्यावर यायला आणखी १५ ते २० मिनिटं धरा. विमानतळ ते नागपूर रेल्वेस्थानक हे अंतर आठ-नऊ किलोमीटरचं, टॅक्सीने अर्धा तास, गर्दीच्या वेळी थोडा जास्त. मेट्रोने जायचं असेल तर सीताबर्डीला मार्गिका बदलावी लागते. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर तुम्ही तासाभरात फलाटावर असाल. दोन तासांतला उरलेला एक तास हीच तुमची खरी राखीव वेळ.

हा एक तास पुरेल का, हे उड्डाणाच्या मिनिटांवर फारसं अवलंबून नाही. वाऱ्याने दहा-पंधरा मिनिटं इकडे-तिकडे होतील, तेवढी त्यात मावतात. धोका असतो तो विमान कोल्हापूरला उशिरा येण्याचा. प्रादेशिक विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करतं आणि जमिनीवर दोन फेऱ्यांमध्ये त्याला थोडाच वेळ मिळतो. सकाळी कुठेतरी ४० मिनिटं गेली तर ती पुढच्या प्रत्येक फेरीला चिकटून येतात. हिवाळ्यात उत्तरेतलं धुकं आणि पावसाळ्यात खाली उतरलेले ढग या दोन्हींचा फटका अशा विमानांना संध्याकाळपर्यंत बसत राहतो. म्हणून सकाळचं विमान असेल तर दोन तासांचं अंतर मला चालण्यासारखं वाटतं. दुपारनंतरचं असेल तर मी तीन तास ठेवीन, आणि जुलै-ऑगस्टमध्ये चार. ढगांमुळे उतरता आलं नाही तर विमान काही काळ वर घिरट्या घालतं आणि मग दुसऱ्या विमानतळाकडे वळतं. तिथवर जाण्याचं आणि त्यानंतर आणखी अर्धा तास थांबण्याचं इंधन आम्ही भरूनच पाठवतो, त्यामुळे जिवाला घोर लावून घेऊ नका. तुमची रेल्वे मात्र त्या दिवशी चुकेल.

निघायच्या दिवशी एक करा. कोल्हापूरला येणारं विमान आधी कुठून निघालं आहे ते माग दाखवणाऱ्या साइटवर बघा. ते अजून मागच्या विमानतळावरून हललंच नसेल, तर कंपनीचा संदेश येण्याआधीच उशिराचा अंदाज तुम्हाला येतो. तरी स्वतः मात्र वेळेवरच पोचा. बहुतेक कंपन्यांचे काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतात आणि विमान उशिरा आहे म्हणून ते उघडे ठेवतीलच असं नाही. विमान आणि रेल्वे ही दोन वेगळी तिकिटं आहेत, त्यामुळे गाडी चुकली तर त्याची भरपाई कोणी देणार नाही. त्याच दिशेने जाणारी त्यानंतरची गाडी कोणती, तिच्यात जागा आहे का, एवढं तिकीट काढतानाच बघून ठेवा. विमान कोल्हापूरहून तासाभराहून जास्त उशिरा निघतंय असं दिसलं, तर बोर्डिंगच्या आधीच ते दुसरं आरक्षण करून टाका. एकदा विमानात बसलात की नागपूरला उतरेपर्यंत फोनवरून काही करता येणार नाही.